दगड ठेवून टिना थांबत नाहीत

९ एप्रिल २०२३ रोजी अकोला जिल्ह्यातल्या पारस गावात मंदिराच्या आवारात धार्मिक कार्यक्रमाला लोक जमले होते. वारा-पाऊस सुरू झाला, लोक टिनाच्या शेडखाली गेले आणि शेजारचा जुना कडुनिंब त्या शेडवर आडवा झाला. सात जण दगावले, तिसाहून जास्त जखमी झाले. अशा घटनेची नोंद ‘वादळी वाऱ्यामुळे मृत्यू’ अशी होते. नोंद खरी असली तरी अपुरी आहे. वारा माणसाला क्वचितच मारतो. वाऱ्याने पाडलेलं झाड, उडवलेला पत्रा, पत्र्यावरून घसरलेला दगड, ढासळलेली चार इंची भिंत आणि तुटलेली तार माणसाला मारते. या पाचही गोष्टी आपण उभ्या केलेल्या किंवा आपल्या नजरेसमोरच्या आहेत. म्हणून विदर्भातल्या वादळी मृत्यूंकडे दैवी आपत्ती म्हणून पाहणं थांबवावं आणि बांधकामाचा व गावच्या कारभाराचा प्रश्न म्हणून पाहावं, असं माझं ठाम म्हणणं आहे. यात दोन कामं आधी करावी लागतील. छप्पर भिंतीला नीट बांधणं हे पहिलं आणि गावातली एक पक्की इमारत मार्च ते जून या काळात कुलपाबाहेर ठेवणं हे दुसरं.

हा विषय निघाला की लगेच विचारलं जातं, आपल्याकडे टोर्नॅडो येतात कुठे? प्रश्न रास्त आहे. उन्हाळ्यात वावरातून धूळ आणि कुटार उचलत फिरणारी वावटळ म्हणजे टोर्नॅडो नाही. ती तापलेल्या जमिनीवरून उठते, वर ढग नसतानाही उठते आणि बहुधा काही मिनिटांत विरते. टोर्नॅडो मोठ्या गडगडाटी ढगाच्या पोटातून खाली जमिनीपर्यंत येतो. भारतीय उपखंडात त्याचा मुख्य पट्टा पूर्वेकडे आहे. बांगलादेशात २६ एप्रिल १९८९ च्या टोर्नॅडोने सुमारे १,३०० बळी घेतले. २४ मार्च १९९८ रोजी पश्चिम बंगाल-ओडिशा सीमेवर दांतन परिसरात मोठा संहार झाला. ३१ मार्च २०२४ रोजी जलपायगुडी जिल्ह्यात मैनागुडीकडची घरं काही मिनिटांत जमीनदोस्त झाली. विदर्भात मार्च ते जून या काळात जे येतं, ते बहुतेक वेळा सरळ वाहणारं वारा-वावधन असतं. पारा ४४-४५ च्या वर गेलेला, बंगालच्या उपसागरावरून किंवा अरबी समुद्रावरून ओल आलेली, दुपारी तीननंतर ढग उभे राहतात आणि त्यांच्यातून थंड हवा धाडकन खाली आदळून चहूकडे पसरते. पहिला फटका त्या पसरणाऱ्या हवेचा असतो, पाऊस मागून येतो.

मग टोर्नॅडोची चर्चा कशाला? कारण त्याच्या अभ्यासातून एक उपयोगाचा हिशेब हाती येतो. अमेरिकेत टोर्नॅडोची तीव्रता शून्य ते पाच अशा श्रेणीत मोजतात. मूळ श्रेणी १९७१ मध्ये हवामानशास्त्रज्ञ फुजिता यांनी मांडली, सुधारित श्रेणी २००७ पासून वापरात आहे. तिथले बहुसंख्य टोर्नॅडो खालच्या दोन श्रेणींतले असतात, म्हणजे वाऱ्याचा झोत ताशी सुमारे १०५ ते १७७ किलोमीटर. आता आपली वारा-भाराची भारतीय मानक संहिता पाहा. इमारतीचा आराखडा करताना नागपूरसाठी धरायचा मूळ वेग आहे सेकंदाला ४४ मीटर, म्हणजे ताशी सुमारे १५८ किलोमीटर. दोन्ही आकडे तीन सेकंदांच्या झोताचे आहेत, त्यामुळे त्यांची तुलना करता येते. आपल्याच संहितेनुसार बांधलेलं घर नेहमीच्या अवकाळी वाऱ्यात उभं राहीलच, शिवाय एखादा दुबळा टोर्नॅडो खरोखर आला तरी बऱ्यापैकी तग धरेल. ताशी ३०० किलोमीटरच्या वादळासाठी गावोगाव बंकर खोदा, असं कुणी म्हणत नाही. जो नियम कागदावर आहे तो टिनाच्या घरापर्यंत पोहोचवा, एवढीच मागणी आहे.

नेमका तिथेच सगळा खेळ बिघडलेला आहे. वीस-तीस वर्षांत विदर्भातली कवेलूची, म्हणजे कौलांची छपरं झपाट्याने गेली आणि टिना, म्हणजे पत्रे आले. त्यालाही कारणं होती. माकडं कवेलू फोडतात, दर उन्हाळ्यात छप्पर फेरायला माणूस मिळत नाही, लाकूड महागलं. कवेलूचं छप्पर वाऱ्यात जागोजागी उसकटतं, पण फटींमधून हवा निघून जाते आणि अख्खं छप्पर सहसा उडत नाही. टिनाचं छप्पर सलग पंखासारखं असतं. ते राहतं तर पूर्ण राहतं आणि जातं तेव्हा वाशांसकट जातं. साहित्य बदललं, पण ते बसवायची पद्धत कुणी शिकवली नाही. म्हणून टिनांवर दगड आले.

दगडांचा हिशेब एकदा मांडूच. वाऱ्याचा दाब वेगाच्या वर्गाने वाढतो, म्हणजे वेग दुप्पट झाला की दाब चौपट. ताशी ६० किलोमीटरला दर चौरस मीटरवर साधारण १७ किलो, १०० ला ४७ किलो, १५८ ला जवळपास ११८ किलो. कमी उताराच्या छपरावर हा दाब मुख्यतः वरच्या दिशेने ओढतो, कारण छपरावरून धावणारी हवा वर पोकळी करते. दहा फूट लांब आणि तीन फूट रुंद पत्रा पावणेतीन चौरस मीटरचा होतो. त्याचं स्वतःचं वजन बारा-तेरा किलो. ताशी १०० च्या वाऱ्यात त्याला वर ओढणारं बल १३० किलोच्या आसपास असतं, आणि कडेच्या व कोपऱ्याच्या पत्र्यांवर त्याहून बरंच जास्त. शिडीवरून चढवता येणारे दोन दगड म्हणजे पंचवीस-तीस किलो. म्हणजे दगड पत्र्याला धरून ठेवत नाही. पत्रा सुटताना तो घसरतो, बहुतेकदा आतल्या बाजूला, जिथे माणसं बाजेवर निजलेली किंवा भिंतीला टेकून बसलेली असतात. दगड, जुनी टायरं, फुटक्या विटा, हे सगळं छपरावरून खाली उतरवा. वादळाच्या तयारीतलं हे सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात तातडीचं काम आहे. मात्र दगड काढून हुक लावले नाहीत, तर अर्धंच काम झालं.

पत्रा धरतो तो हुक. इंग्रजी ‘जे’ अक्षरासारखा वाकवलेला ८ मिमी जाडीचा गॅल्वनाइज्ड हुक खालच्या पाइपला किंवा अँगलला कवेत घेतो आणि वरून नटाने आवळला जातो. हुक पत्र्याच्या उंच नळीवर यावा. खोलगट भागात लावला की तिथे पाणी साचतं, गंज चढतो आणि दोन-तीन पावसाळ्यांत भोक मोठं होतं. नटाखाली रबराचा किंवा डांबरी वॉशर आणि त्यावर वाकडा लोखंडी वॉशर, दोन्ही हवेत. पत्रा उडतो तेव्हा बऱ्याचदा हुक शाबूत असतो, पत्राच भोकापाशी फाटलेला असतो. मोठा वॉशर त्यासाठी. छपराच्या चारही कडांना आणि आढ्याजवळ एक नळी सोडून एक हुक, मध्यभागी तिसऱ्या किंवा चौथ्या नळीवर एक. आपल्याकडे एका पत्र्याला चार कोपऱ्यांत चार हुक लावून काम आटोपतात, मधली लांबी मोकळीच राहते. पत्रे कडेला दोन नळ्यांनी एकमेकांवर चढवावेत, खालच्या-वरच्या जोडाला किमान सहा इंच. आडव्या पाइपांमधलं अंतर चार फुटांपेक्षा जास्त नको, कडेला तीन फूट बरं. भिंतीबाहेर टिना दीड फुटांपेक्षा जास्त काढू नयेत. सावलीसाठी तीन-चार फूट पुढे काढलेल्या पडवीखालीच वारा सर्वांत आधी घुसतो. पडवी हवीच असेल तर तिचं छप्पर मुख्य छपरापासून वेगळं ठेवावं, म्हणजे पडवी गेली तरी घर राहील.

लाकडी वासे असतील तर साध्या खिळ्यांवर भरवसा ठेवू नये. एप्रिल-मेच्या उन्हात लाकूड सुकून आकसतं आणि गुळगुळीत खिळा हाताने उपटावा तसा निघतो. वाशाला वळसा घालणारा हुक किंवा वॉशरसह आटे असलेला स्क्रू वापरावा. पातळ पाइपात थेट फिरवलेले स्क्रूही धोक्याचे. त्या पाइपाची भिंत मिलिमीटरभर असते, आटे धरायला धातूच पुरत नाही. पाइप किमान दोन मिमी जाडीचा घ्यावा.

यानंतरचा दुवा बहुतेक घरांत गायबच असतो. पत्रा पाइपला बांधला, पण पाइप भिंतीला कशाने बांधलाय? विटांत खोबण ठेवून पाइप सरकवतात, वर एक-दोन थर विटा आणि गिलावा. वाऱ्याने छप्पर उचललं की ते दोन थर घेऊन पाइप वर येतो. दहा बाय बारा फुटांच्या खोलीचं छप्पर सुमारे अकरा चौरस मीटरचं. ताशी १०० च्या वाऱ्यात एकूण ओढ पाचशे किलोच्या वर जाते, आणि वाऱ्याकडचं दार उघडं असेल तर खालूनही रेटा लागून ती दीडपट होऊ शकते. ही ओढ पेलायला छपराखालची भिंतच कामाला लावावी लागते. नऊ इंची विटेच्या भिंतीचं वजन दर चौरस मीटरला सव्वाचारशे किलोच्या आसपास असतं. पाइपच्या प्रत्येक टोकाला १० किंवा १२ मिमीची सळई वळवून तीन फूट खाली भिंतीत काँक्रीटमध्ये बसवली की छपराला अख्खी भिंत उचलावी लागते, आणि ते वाऱ्याला जमत नाही. बांधून झालेल्या घरात भिंत फोडायची गरज नाही. २५ मिमी रुंद, ३ मिमी जाड लोखंडी पट्टी पाइपवरून फिरवून भिंतीच्या दोन्ही अंगांनी तीन फूट खाली आणावी आणि आरपार बोल्टने आवळावी. गावातला वेल्डर एका खोलीचं हे काम एका दिवसात करू शकतो. हुक, पट्ट्या आणि बोल्ट यांचा खर्च पत्र्यांच्या किमतीपुढे किरकोळ आहे.

वादळात हवेचा दाब सारखा व्हावा म्हणून खिडक्या उघडा, हा जुना सल्ला चुकीचा आहे आणि तो देणं बंद व्हायला हवं. हवा आत शिरली की छप्पर आतून ढकललं जातं. दारं-खिडक्या बंद, कडी लावलेली, आणि माणसं त्यांच्यापासून दूर. छपरावरची प्लास्टिकची टाकी भरलेली ठेवावी. पाचशे लिटरची भरली टाकी पाचशे किलोची असते, रिकामी टाकी चेंडूसारखी जाते.

घरकुलांबद्दल स्वतंत्रपणे बोललं पाहिजे. प्रधानमंत्री आवास योजनेत ग्रामीण सपाट भागासाठी केंद्राच्या नियमाप्रमाणे १ लाख २० हजार रुपये आणि किमान २५ चौरस मीटर क्षेत्र. या पैशात पूर्ण स्लॅब बसत नाही म्हणून अनेक घरकुलांवर टिनाच येतात. मला त्यात लाभार्थ्याचा दोष दिसत नाही. पण मंजूर नकाशात एक अट घालता येईल. घराचा एक कोपरा, न्हाणीघर असो की स्वयंपाकाची जागा, सहा बाय सहा फूट, स्लॅबचा असावा. चार इंच जाड स्लॅब, ८ मिमीच्या सळया दोन्ही दिशांना सहा इंचांवर, वजन आठशे किलोच्या पुढे. संहितेतल्या ताशी १५८ किलोमीटरच्या वाऱ्यात, दार उघडं धरून, त्यावरची ओढ सहाशे किलोच्या आत येते. म्हणजे नुसत्या वजनावरच तो जागचा हलत नाही. मात्र त्याखालची भिंत नऊ इंची हवी, दाराच्या उंचीवर चारही बाजूंनी काँक्रीटचा पट्टा हवा आणि चारही कोपऱ्यांत पायापासून स्लॅबपर्यंत एकेक सळई हवी. चार इंची भिंतीवर ठेवलेला स्लॅब नसलेला बरा. अशा कोपऱ्यात पाच-सहा माणसांचं कुटुंब अर्धा तास दाटीवाटीने बसू शकतं. डोक्यावर गादी किंवा जाड गोधडी घ्यावी, तोंड आतल्या भिंतीकडे. अभियंत्याने हप्ता सोडताना फोटो काढायचाच असतो, त्यात हुक, पट्टी आणि हा कोपरा दिसलाच पाहिजे, इतकं केलं तरी पुढच्या दहा वर्षांत फरक पडेल.

सगळी घरं इतक्यात सुधारणार नाहीत. मेळघाटातली कुडाची घरं, गडचिरोलीतली बांबूची घरं, बेड्यांवरच्या (भटक्या समाजांच्या वस्त्यांवरच्या) आणि वीटभट्ट्यांवरच्या झोपड्या, यांना हुकाचा उपयोग नाही. तिथल्या माणसांना जायला जागा हवी. बहुतेक गावांत स्लॅबची अशी इमारत असतेच: जिल्हा परिषदेची शाळा, ग्रामपंचायत, समाजमंदिर, आरोग्य उपकेंद्र. अडचण कुलपाची आहे. विदर्भात उन्हाळ्याची सुट्टी उर्वरित महाराष्ट्रापेक्षा लांब, शाळा उघडेपर्यंत जून संपत येतो. म्हणजे वादळांच्या ऐन हंगामात गावातली सगळ्यात मजबूत खोली बंद असते, किल्ली मुख्याध्यापकांकडे आणि मुख्याध्यापक तालुक्याच्या गावी. ग्रामपंचायत पाच-सहाला बंद होते, आणि वादळं अनेकदा त्यानंतरच येतात.

अमेरिकेत ओक्लाहोमा राज्यातल्या मूर शहरात २० मे २०१३ च्या टोर्नॅडोत एका प्राथमिक शाळेत सात मुलं गेली. शाळेत सुरक्षित खोली नव्हती. पुढच्याच वर्षी त्या शहराने नव्या घरांसाठी नियम बदलला, ताशी सुमारे २१७ किलोमीटर वाऱ्याला टिकेल असं बांधकाम सक्तीचं केलं, आणि त्यातही भर होता छप्पर, भिंत आणि पाया यांच्या जोडांवर. तिथल्या सार्वजनिक आसऱ्यात माणशी किमान पाच चौरस फूट जागा धरतात. वीस बाय पंचवीस फुटांच्या वर्गखोलीत या मापाने शंभर माणसं मावतात. तीन-चार खोल्यांच्या शाळेत छोट्या गावातल्या कच्च्या घरांमधली सगळी माणसं येतील. खोली निवडताना व्हरांडा धरू नये, मोठ्या खिडक्यांची वाऱ्याकडची खोली टाळावी, छत टिनाचं असलेली नवी खोली टाळावी आणि इमारतीवर पडू शकेल असं झाड किंवा मोबाइल टॉवर जवळ नाही ना, हे पाहावं. झाड त्याच्या उंचीइतक्या अंतरावर असेल तर ठीक.

झाडाचा विषय आला की लगेच कुऱ्हाड काढू नये. गावाच्या पश्चिमेची आमराई वाऱ्याचा जोर मोडते. धोका असतो तो आजारी झाडाचा आणि त्याखाली बांधलेल्या शेडचा. बुंध्याशी उगवलेली भूछत्रं, ठोकल्यावर पोकळ आवाज, एका बाजूला उचललेली माती, अलीकडे वाढलेला कल, ही चार लक्षणं दिसली की फांद्यांचा भार हलका करून घ्यावा किंवा परवानगी घेऊन झाड उतरवावं. सिमेंट रस्ता, नाली किंवा ओटा बांधताना कापलेली मुळं हे गावातली जुनी झाडं पडण्याचं मोठं कारण आहे. वरून झाड हिरवंगार दिसतं, खाली एका बाजूचा आधारच गेलेला असतो. जुन्या झाडाखाली नवी टिनाची शेड उभारायला ग्रामपंचायतीने परवानगीच देऊ नये, देवस्थान असलं तरी.

आता इशाऱ्यांकडे. हवामान खात्याचं नागपूर केंद्र रोज जिल्हानिहाय अंदाज देतं, शिवाय पुढच्या तीन तासांसाठी तातडीचा इशाराही. पिवळा म्हणजे लक्ष ठेवा, नारिंगी म्हणजे सज्ज राहा, लाल म्हणजे कृती करा. विजेसाठी ‘दामिनी’ हे ॲप आहे. हे सगळं उपयोगाचं आहे, पण गावाने त्यावरच विसंबू नये. इशारा जिल्ह्यासाठी असतो आणि वादळ पाच-दहा गावांवरून जातं. एप्रिल-मेमध्ये आठ-आठ दिवस पिवळा रंग झळकत राहतो आणि लोक तो वाचणं सोडतात. शिवाय रडारलाही मर्यादा आहे. पृथ्वी गोल असल्याने रडारचा किरण लांब जाईल तसा जमिनीपासून वर जातो. नागपूरच्या रडारपासून दोनशे किलोमीटरवर त्याचा सगळ्यात खालचा किरण सुमारे चार किलोमीटर उंचीवर असतो. अकोला त्याहूनही लांब, बुलडाणा तीनशेच्या पुढे आणि सिरोंचा अडीचशेच्या पुढे. तिथे ढगाचा माथा दिसतो, ढगाखाली जमिनीवर काय चाललंय ते दिसत नाही. पश्चिम विदर्भासाठी आणि गडचिरोलीच्या दक्षिण टोकासाठी जवळच्या रडारची मागणी लोकप्रतिनिधींनी लावून धरावी, असा हा मुद्दा आहे. तोवर गावाची नजरच कामाला येणार.

पश्चिमेकडून काळा-जांभळा ढग, त्याच्या पुढे जमिनीलगत धुळीची भिंत, उकाड्यात अचानक थंड झुळूक, एवढं दिसलं की वारा पोहोचायला पाच ते पंधरा मिनिटं उरलेली असतात. मंदिर, मशीद, बुद्धविहार, जिथे भोंगा असेल तिथून एकच ठरलेलं वाक्य तीनदा बोलावं: ‘वादळ आलं, शाळेत या.’ मोबाइलवर संदेश टाकत बसू नये. ढगाच्या तळातून फिरणारी सोंड खाली उतरताना दिसली, किंवा सोंड दिसत नसली तरी जमिनीवर कचरा आणि पत्रे गोल फिरताना दिसले, सलग घरघर ऐकू आली, तर शाळाही लांब समजावी आणि हाताशी असलेल्या पहिल्या पक्क्या खोलीत शिरावं. अमेरिकेतही टोर्नॅडोचा इशारा सरासरी दहा मिनिटांच्या आसपासच आधी मिळतो, म्हणून कुठे जायचं हे आधीच ठरलेलं असावं लागतं.

वावरात असताना प्रश्न अवघड होतो, कारण वीज आणि वारा यांच्यापासून बचावाचे नियम एकमेकांना छेदतात. विजेसाठी सांगतात की झोपू नका, पाय जुळवून उकिडवे बसा, कारण जमिनीतून पसरणारा प्रवाह लांबलेल्या शरीरातून जातो. ढोरांचे पुढचे-मागचे पाय एकमेकांपासून लांब असतात म्हणूनच ती झाडाखाली एकदम चार-पाच मरतात. वाऱ्यात पत्रे, फांद्या उडत असतील तर मात्र खोलगट जागी पालथं झोपून हातांनी डोकं-मान झाकणं हेच सांगतात. माझ्या मते नियम असा असावा: उडणाऱ्या वस्तू नसतील तर विजेचा नियम पाळा, वस्तू उडताना दिसल्या तर वाऱ्याचा. दोन्हींत झाड, टिनाची खोपडी, विजेचा खांब, तारेचं कुंपण आणि पंपाची पेटी यांच्यापासून दूर. धुऱ्यालगतची कोरडी चारी चालेल, वाहता नाला नको, पाऊस वर झाला असेल तर तो मिनिटांत भरतो. वीज चमकल्यापासून आवाज येईपर्यंतचे सेकंद मोजून तिनाने भागावेत, तितके किलोमीटर ती लांब आहे. दहा किलोमीटरच्या आत आली की काम सोडावं, म्हणजे तीस सेकंद. ट्रॅक्टरवरून आणि ट्रॉलीतून उतरावं. एसटीत असाल तर आतच बसून खिडक्या बंद कराव्यात. दुचाकीवाल्यांनी टिनाच्या प्रवासी निवाऱ्यात किंवा पुलाखाली थांबू नये. पुलाखाली वारा अरुंद वाटेने जोर धरतो.

लग्नसराईचे मांडव हा दरवर्षीचा धोका आहे. शेकडो माणसं, लोखंडी पाइप, कापड आणि त्यातून फिरवलेल्या वायरी. मांडवाची परवानगी देताना जवळची पक्की इमारत त्या दिवशी उघडी असण्याची अट ग्रामपंचायतीने घालावी. ढग दिसला की पंगत अर्ध्यावर थांबवावी, जनरेटर बंद करावा, आधी मुलं आणि म्हातारी माणसं हलवावीत. पाइपांना धरून मांडव वाचवायला कुणी जाऊ नये.

वादळ ओसरल्यावरही माणसं जातात. लोंबकळणाऱ्या तारेपासून तीस-चाळीस फूट लांब राहावं, महावितरणच्या १९१२ वर कळवावं, तार मेलेली आहे असं गृहीत धरू नये. ओल्या छपरावर त्याच संध्याकाळी चढू नये. पिकाचा विमा असेल तर नुकसानीची खबर लगेच द्यावी.

आता पैशाचा मुद्दा, ज्यावर सगळं अडतं. २०२२ ते २०२६ साठीच्या केंद्राच्या निकषांत मृताच्या वारसांना ४ लाख, पूर्ण पडलेल्या घराला सपाट भागात १ लाख २० हजार, अंशतः पडलेल्या पक्क्या घराला ६,५००, कच्च्या घराला ४,००० आणि गोठ्याला ३,००० रुपये ठरले होते. अंशतः नुकसान किमान पंधरा टक्के असावं, अशी अट होती. ही मदत हवीच. पण सहा-साडेसहा हजारांत माणूस पुन्हा तेच वाकलेले पत्रे सरळ करतो आणि वर दगड ठेवतो. पुढच्या एप्रिलला तोच पंचनामा. पंधराव्या वित्त आयोगाने राज्यांच्या आपत्ती निधीतला वीस टक्के हिस्सा आपत्ती येण्याआधीच्या कामांसाठी वेगळा ठेवायला सांगितला. त्या हिश्श्यातून वादळग्रस्त तालुक्यांत हुक, पट्ट्या आणि वेल्डरची मजुरी देता येईल अशी योजना जिल्हा आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाने आखावी. मदतीच्या रकमेसोबत हुकांचा संच द्यावा आणि पाइप भिंतीला बांधल्याचा फोटो आल्यावर थोडी जास्तीची रक्कम. काही जण म्हणतील, सरकारी पैसा खासगी छपरावर कशाला? तो आत्ताही छपरावरच जातो, छप्पर उडाल्यानंतर.

काही गोष्टींसाठी वरच्या आदेशाची वाट पाहायची गरज नाही. ग्रामसभा २६ जानेवारीला होतेच. १ मेच्या सभेपर्यंत हंगाम अर्धा सरलेला असतो, म्हणून ठराव जानेवारीतच हवा. आसऱ्याची इमारत कोणती, हे नावानिशी लिहावं. तिच्या तीन किल्ल्या करून शाळेजवळच राहणाऱ्या तीन वेगवेगळ्या घरांत ठेवाव्यात, एक कोतवालाकडे, एक अंगणवाडी सेविकेकडे, एक शेजारच्या कुटुंबाकडे. भोंग्यावर कोण बोलणार, वीज गेली तर बॅटरी आहे का, तेही लिहावं. कच्च्या घरांत राहणारे अंथरुणाला खिळलेले म्हातारे, दिवस गेलेल्या बाया, अपंग माणसं यांची यादी आशाताईंकडे असतेच. प्रत्येक नावापुढे त्यांना उचलून आणणाऱ्या दोन तरुणांची नावं लिहावीत. ढोरं सोडायला कुणी मागे थांबू नये म्हणून ढग दिसताच दावी सोडायची, हेही ठरावात असू द्यावं. मग फेब्रुवारीत एका संध्याकाळी भोंगा वाजवून घड्याळ लावून पाहावं. शेवटच्या घरातला माणूस शाळेत पोहोचायला दहा मिनिटांपेक्षा जास्त लागली, तर त्या वस्तीसाठी जवळची दुसरी पक्की खोली शोधावी लागेल. तशी खोली तिथे नसेल, तर ग्रामपंचायतीच्या पुढच्या आराखड्यात अबंधित निधीतलं (गावाच्या गरजेप्रमाणे वापरता येणाऱ्या पैशातलं) पहिलं बांधकाम तेच धरावं.